पान शांत, फूल बोलकं: पारलिंगी अभ्यासक्रमाची दृश्य ओळख पळसावरून कशी घडवावी

अभ्यासक्रमाची दृश्य ओळख म्हटलं की डोळ्यांसमोर बोधचिन्ह येतं. पण नावाची अक्षरं, रंग, लेटरहेड, ओळखपत्र, पाकीट, दारावरची पाटी, फोनवरचं छोटं चित्र, परिसंवादाचा फलक हे सगळंच त्यात येतं. पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, अभ्यासाच्या बाबतीत यातली बरीचशी वस्तू कुणाच्या तरी दप्तरातून घरी जाते. घरी सगळं ठाऊक असेलच असं नाही. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर ताठ मानेनं खांद्याला लावलेली पिशवी संध्याकाळी पलंगाखाली लपवावी लागली, तर ती ओळख ज्यांच्यासाठी केली त्यांच्याच जिवावर उठली.

निसर्गातला आकार इथे उपयोगी पडतो तो यासाठी. पान बघणाऱ्याला पानच दिसतं. ज्याला अर्थ सांगायचा त्याला सांगता येतो, ज्याला नाही त्याच्यासाठी ते झाडाचं पान राहतं. खालची पद्धत नागपूर आणि आसपासचा परिसर धरून लिहिली आहे, आणि उदाहरण पळसाचं घेतलं आहे. तुमच्या गटाला दुसरं झाड सापडलं तरी पायऱ्या याच राहतील. पूर्ण कामाला साधारण १२ आठवडे धरा. मात्र पळसच घ्यायचा असेल तर ऋतू पाहून आखणी करावी लागते, ते पुढे येईलच.

आधी माणसं, मग शब्द

पहिले दोन आठवडे कागदावर एकही रेघ ओढू नका. सात ते नऊ जणांचा गट करा. त्यात निम्म्याहून जास्त पारलिंगी व्यक्ती हव्यात, आणि त्या सगळ्या एकाच अनुभवाच्या नकोत. ट्रान्स पुरुष हवा, ट्रान्स स्त्री हवी, स्वतःला स्त्री-पुरुष या दोन्हींत न बसवणारा विद्यार्थी हवा, हिजडा घराण्यातली एखादी गुरू हवी. शिकवणारे दोघं आणि छपाई कळणारं एक माणूस असलं की गट पुरा होतो. बाहेरून येणाऱ्यांना, तुमची संस्था पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन देते तेच द्या. बैठकीच्या आदल्या दिवशी गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी बोलून ठेवा: वहीत पाहुणे जे नाव सांगतील तेच लिहायचं, आधार कार्ड मागायचं नाही. गेटवर अपमान झालेलं माणूस आत येऊन मोकळेपणानं रंगांवर बोलत नाही.

याच काळात एका पानाचं टिपण तयार करा. ओळख कुठे कुठे वापरणार, शेवटचा होकार कोण देणार आणि मूळ संस्थेचे नियम काय, एवढंच त्यात हवं. अनेक विद्यापीठांत संस्थेची मुद्रा डावीकडे असते आणि विभागाचं चिन्ह तिच्याहून मोठं चालत नाही. हे आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर तयार झालेलं काम वरच्या कार्यालयातून परत येतं आणि महिना वाया जातो.

मराठी नाव चिन्हाच्या आधी ठरलं पाहिजे, कारण नावाच्या लांबीवर सगळी मांडणी अवलंबून असते. 'तृतीयपंथी' हा शब्द सरकारी कागदांत रुळला आहे, पण अनेक ट्रान्स पुरुषांना तो आपला वाटत नाही, आणि त्यातली 'तृतीय' ही मोजणीही सगळ्यांना मान्य नसते. 'किन्नर' काहींना मानाचा वाटतो. 'हिजडा' हे घराणी आणि गुरू-चेला नातं असलेल्या समाजाचं स्वतःचं नाव आहे. बाहेरच्यांच्या तोंडी त्याची शिवी झाली, म्हणून संस्थेनं ते पाटीवर लिहिताना दहादा विचार करावा. 'जोगता', 'जोगती' हे शब्द यल्लमा-रेणुकेच्या भक्तिपरंपरेतले आहेत, ते सरसकट लावता येत नाहीत. 'पारलिंगी अभ्यास' हे नाव आखूड आहे, वाचायला सोपं आहे आणि त्यात मोजणी नाही. नाव मतदानानं ठरवू नका. एखाद्या शब्दाला गटातल्या एकाही पारलिंगी व्यक्तीचा ठाम नकार असेल तर तो शब्द बाजूला ठेवा.

आकार निवडताना तीन चाळण्या

एखादं झाड, पाखरू, किडा सुचला की त्याला तीन प्रश्न विचारा. शास्त्र काय सांगतं? मराठीत त्याच्यावरून काय बोललं जातं? नागपूरच्या रस्त्यावर ते पाहून लोकांना पहिल्यांदा काय आठवेल?

पहिल्या बैठकीत हमखास येणारी नावं या चाळण्यांतून काढून पाहू. रंग बदलणारा सरडा मराठीत दगाबाजाचं प्रतीक आहे. गांडुळात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, शास्त्र अगदी बरोबर, पण कुणाला गांडूळ म्हटलं तर तो कणाहीन ठरतो. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात, आणि हे उदाहरण परसदारातलं आहे. पण शेतकरी परागीभवनापुरती थोडी नर झाडं ठेवतो आणि बाकीची उपटून टाकतो. हे ज्याला माहीत आहे त्याला ते चिन्ह टोचेल. क्लाउनफिशच्या गटातली मोठी मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो, हेही खरं. पण तो प्रवाळातला समुद्री मासा आहे, नागपूरच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही.

सुरवंटातून निघणारं फुलपाखरू वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे, पण मुख्य अडचण त्याच्या गोष्टीत आहे. आधीचं रूप कुरूप आणि नंतरचं सुंदर, असं ती सांगते. ज्यानं शस्त्रक्रिया केली नाही, ज्याला करायची नाही किंवा परवडत नाही, अशा माणसाला ते चिन्ह अपुरं ठरवतं.

कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू मात्र बराच वेळ मोहात पाडतं. त्याच्या अळ्या लिंबू, कढीपत्ता आणि संत्र्याच्या पानांवर वाढतात, म्हणजे ते नागपूरच्या संत्राबागांतलंच. मादीची तीन रूपं असतात: एक नरासारखं दिसणारं, दुसरं कॉमन रोझ या वेगळ्या फुलपाखरासारखं, तिसरं क्रिमझन रोझ या फुलपाखरासारखं. हे ठरवणारं जनुक लिंगाच्या घडणीशी संबंधित असलेलं 'डबलसेक्स' आहे, हे २०१४ मध्ये स्पष्ट झालं. इतकं सगळं जुळून येतं, तरी तिथे थांबा. ही रूपं आहेत ती नकलेसाठी. बेचव फुलपाखरांसारखं दिसून पक्ष्यांना फसवायचं, हे त्यामागचं शास्त्र आहे. पारलिंगी माणूस फसवतो हा जुना, क्रूर आरोप आहे. चिन्हाखालच्या दोन ओळींच्या माहितीतून तो आरोप पुन्हा उभा राहतो.

रस्त्यावरची चाळणी सगळ्यांत बारीक असते. कमळ आणि मशाल ही निवडणूक चिन्हं आहेत. वडाला वटपौर्णिमा चिकटलेली आहे. संत्रं सुंदर आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण नागपुरात दुकानांपासून क्रीडासंघांपर्यंत सगळ्यांनी ते घेतलेलं आहे. तुमचं चिन्ह त्या गर्दीत हरवेल.

आणखी एक गोष्ट गटात आधीच बोलून घ्या. निसर्गात लिंग बदलतं म्हणून माणसाला हक्क आहे, असा युक्तिवाद चिन्हातून करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो माणसाच्या प्रतिष्ठेच्या आधारावर. माशांची साक्ष काढायची गरज नाही.

पळस का, आणि त्यातले खड्डे कोणते

पळस विदर्भात शेताच्या बांधावर, माळावर, जंगलाच्या कडेला सगळीकडे आहे. त्याचं संयुक्त पान तीन पानांचं असतं. मधलं मोठं आणि सममित, बाजूची दोन तळाशी तिरकी. फुलं येतात तेव्हा झाड बहुतेक निष्पर्ण असतं. म्हणजे पान आणि फूल एकाच झाडाचे दोन आवाज आहेत, आणि ते एकमेकांच्या वेळेत येत नाहीत. पुढे सांगितलेली सगळी मांडणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण प्रत्येक मराठी माणसाला येते, त्यामुळे आकार लक्षात राहतो. पण तिचा अर्थ कुठेही गेलं तरी परिस्थिती तीच, असा हताश आहे. म्हणून घोषवाक्य म्हणून ती वापरू नका. संस्कृतातलं 'किंशुक' हे नावही मोहक आहे: 'हा पोपट की काय?' पण पारलिंगी माणसाकडे बोट दाखवून 'हे काय आहे?' असं आयुष्यभर विचारलं जातं. तो प्रश्न चिन्हाच्या नावात नको.

सर्वांत मोठा खड्डा तिसऱ्या पानाचा. कुणीतरी म्हणेलच की दोन पानं हिरवी करू आणि तिसरं गुलाबी. करू नका. नालसा निकालात स्त्री, पुरुष किंवा तृतीय लिंग यांपैकी कोणतीही ओळख सांगण्याचा हक्क आहे. ट्रान्स स्त्री स्त्री आहे, ट्रान्स पुरुष पुरुष आहे. एक पान वेगळं रंगवलं की सगळ्यांना त्या एका पानात कोंबल्यासारखं होतं. तिन्ही पानं एकाच रंगात, एकाच जाडीत ठेवा.

नमुने गोळा करणं आणि रेखाटन

पानं पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत चांगली मिळतात. फुलं फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर. जूनमध्ये काम सुरू केलंत तर फुलाचा खरा नमुना हाती लागायला पुढचा शिमगा उजाडेल, त्यामुळे दोन फेऱ्या आधीच ठरवा. रामटेककडे जाताना बांधांवर पळस दिसतात, मालकाला विचारून १२ ते १५ संयुक्त पानं देठासकट घ्या. पेंच किंवा कुठल्याही संरक्षित जंगलाच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही.

ताजी पानं वर्तमानपत्रात घालून दोन दिवस वजनाखाली ठेवा, नंतर ३०० डीपीआयवर स्कॅन करा. सगळ्या पानांच्या बाह्यरेषा एकावर एक ठेवून पाहा. एकही पान दुसऱ्यासारखं नसतं, पण एक सरासरी आकार दिसू लागतो. तो हातानं पेन्सिलीनं काढा. इंटरनेटवरचा फोटो गिरवू नका. फोटो काढणाऱ्याचा हक्क त्या रेषेवर राहतो, आणि बोधचिन्हासाठी ती भानगड नंतर निस्तरत नाही.

रेखाटताना बघायची खूण म्हणजे टोक. पळसाच्या पानाचं टोक गोलसर असतं, कधी मधोमध जरासं खोलगट. तुम्ही टोक अणकुचीदार काढलंत की ते बेलाचं पान होतं आणि पाहणारा शंकराला हात जोडतो. तिन्ही पानं सारखी गोल केलीत की पत्त्यांतलं किलवर होतं. बाजूच्या पानांचा तळाचा तिरकेपणा आणि मधल्या पानाचा मोठेपणा या दोन गोष्टी राखल्या तरच तो पळस दिसतो.

आता मोजमाप. २४ गुणिले २४ चौकटींच्या कागदावर मधलं पान १२ चौकटी उंच, बाजूची १०, आणि बाजूच्या पानांचा अक्ष मधल्यापासून सुमारे ६५ अंशांवर. देठ खऱ्या पानात लांब असतो, इथे ५ चौकटी पुरे. पानांमधली फट किमान दीड चौकट हवी. कारण सरळ आहे: १६ पिक्सेलच्या छोट्या चित्रात २४ चौकटी दाबल्या की दीड चौकटीचा एक पिक्सेल होतो. त्याहून कमी फट ठेवली की तीन पानांचा एक ठोकळा दिसतो. संगणकावर प्रत्येक पानाला ६ ते ८ बिंदू पुरतात. आपोआप ट्रेस केलं तर शेकडो बिंदू येतात, रेषा थरथरते आणि भरतकामाचं मशीन तिथे अडकतं. शिरा काढायच्याच असतील तर फक्त मधली, आणि तीही ३० मिलिमीटरहून मोठ्या आकारातच.

फूल एकच, बाजूनं पाहिलेलं काढा. गडद, मखमली वाटीसारखा पुष्पकोश आणि त्यातून निघालेली चोचीसारखी वळलेली केशरी पाकळी. वाटी नीट दिसली नाही तर ते ज्वाळेसारखं दिसतं आणि मशाल पुन्हा आडवी येते. म्हणून वाटीचा काळसर भाग फुलाच्या एकूण उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा ठेवा. चोचीचं वळण आणि मधल्या पानाच्या कडेचं वळण एकाच कमानीतून घ्या, म्हणजे पान आणि फूल शेजारी न ठेवताही एका घरातली वाटतात.

शांत आवृत्ती

सगळ्या कामातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो होतच नाही.

नियम असा ठेवा: फूल बोलतं, पान गप्प राहतं. जाहिरात, परिसंवादाचा फलक, संकेतस्थळ, दारावरची पाटी, वर्तमानपत्राला दिलेलं पत्रक यांवर फूल आणि अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव. विद्यार्थी घरी नेतो त्या प्रत्येक वस्तूवर फक्त पान, नावाशिवाय. आणि जाहीर साहित्यात पान नावाशेजारी कधीही छापायचं नाही. एकदा वर्तमानपत्रात 'पारलिंगी अभ्यासक्रमाचं पान' असं छापून आलं की त्याचा गप्पपणा संपला, मग पिशवीवरचं पान उघड बोलू लागतं.

घरी काय काय जातं याची यादी करा, ती अपेक्षेपेक्षा लांब निघते. पाकीट, कुरिअरवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, फीची पावती, वही, पिशवी, ओळखपत्राची दोरी. मग फोनमधल्या गोष्टी: एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव, ईमेलचा विषय, व्हॉट्सॲप गटाचं नाव आणि चित्र. गटाचं नाव फोन बंद असतानाही पडद्यावर झळकतं, आणि फोन आईच्या किंवा भावाच्या हातात असू शकतो. गटाचं नाव 'वर्ग सोमवार-बुधवार' असं ठेवा, चित्र पानाचं. पाकिटावर मूळ विभागाचं नाव आणि पान पुरे. ज्यांना उघडं साहित्य हवं त्यांनी मागावं आणि त्यांना ते आनंदानं द्यावं. पण न मागता जे मिळतं ते शांत असावं.

ओळखपत्रावर पुढच्या बाजूला निवडलेलं नाव आणि फोटो. कागदोपत्री नाव फक्त कार्यालयातल्या नोंदीत. अभ्यासक्रमाचं नाव, वेगळ्या रंगाची पट्टी किंवा सांकेतिक अक्षर कार्डावर नको, नाहीतर ग्रंथालयाच्या रांगेत सगळ्यांना कळतं. फोटो आणि नाव कितीदाही विनाशुल्क बदलता येईल असं लेखी ठेवा. अभ्यासक्रमानं स्वतः दिलेली सहभाग प्रमाणपत्रं नव्या नावानं पुन्हा छापता यावीत म्हणून प्रत्येकाची मूळ फाईल जपा.

कार्यक्रमाचे फोटो काढताना ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांच्या दोरीवर एक ठरावीक रंगाचा स्टिकर लावा आणि छायाचित्रकाराला तो आधी दाखवा. छापील अंक, संकेतस्थळ आणि वर्तमानपत्र यांसाठी संमती वेगवेगळी घ्या, आणि ती परत घ्यायची सोय ठेवा.

रंग

पानाचा हिरवा आरजीबी (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्याचं प्रमाण) ६२, ८४, ५८. काळ्या मातीचा काळा ४६, ४२, ४०. फुलाचा केशरी २२८, ८७, ४६. जोडीला जारूळ, म्हणजे आपल्या राज्यफुलाचा जांभळा १५५, ९५, १६५. चार पुरे.

केशरीवर अक्षरं लिहिताना लोक फसतात. या केशरीवर पांढऱ्या अक्षरांचा उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्टचं प्रमाण, सुमारे ३.७ भरतो आणि काळ्या मातीच्या रंगाचा ३.९, तर बारीक मजकुराला किमान ४.५ हवा. म्हणजे केशरीवर बारीक मजकूर लिहूच नका, फक्त मोठे मथळे. केशरी पार्श्वभूमी हवीच असेल तर ती १८४, ६४, २८ इतकी गडद करा, मग पांढरं अक्षर ५.५ च्या आसपास येतं. हिरव्यावर पांढरं आठच्या वर जातं, म्हणून लेटरहेड आणि पत्रकांचा मुख्य रंग हिरवाच ठेवा.

नागपुरात रंगांना अर्थ आहेत. मोठ्या पृष्ठभागावर केशरी पसरला की तो भगवा वाचला जातो. गडद निळ्यावर पांढरं आलं की दीक्षाभूमीची आठवण होते. तो रंग १९५६ च्या धम्मदीक्षेपासून इथल्या लाखो लोकांच्या आत्मसन्मानाचा आहे, सजावटीसाठी उसना घ्यायचा नाही. केशरी फक्त फुलापुरता, एकूण पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्शाहून कमी ठेवा.

ट्रान्स ध्वज मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये केला: फिकट निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिकट निळा. कसाही धरला तरी सरळच दिसावा म्हणून तो सममित आहे. उघड्या आवृत्तीत तळाशी बारीक पट्टी म्हणून तो शोभतो. पट्ट्यांचा क्रम बदलू नका, रंग एकमेकांत मिसळू नका आणि त्यावर पांढरी अक्षरं टाकू नका. त्या निळ्यावर आणि गुलाबीवर पांढऱ्याचा उठाव दोनच्याही खाली जातो.

अक्षरं

मुक्ता हा फाँट मोफत आहे, अनेक वजनांत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतो. भारदस्त मथळ्यासाठी तिरो देवनागरी मराठी पाहा, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. बहुतेक फाँट मुळात हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. फाँट पक्का करण्याआधी हे शब्द मोठ्या आणि लहान आकारात छापून पाहा: पारलिंगी, लिंगभाव, ट्रान्स पुरुष, तृतीय, दृष्टी, दुसऱ्या, ॲड., ५, ८, ९. 'दुसऱ्या'मधला ऱ्य तुटला तर तो फाँट बाद.

देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुकड्यांत फाटते. गोल शिक्क्यात नाव वर्तुळाकार वळवलं तरी तेच होतं, म्हणून शिक्क्यात फूल मधे आणि नाव खाली सरळ ओळीत घ्या. शिक्क्यात अक्षर अडीच मिलिमीटरहून लहान केलं की अनुस्वार शाईनं बुजतो आणि 'पारलिंगी'चं 'पारलिगी' होतं.

छपाई आणि नागपूरचं ऊन

छापखान्यात अजूनही जुनी कोरल ड्रॉ आणि जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की वेलांट्या जागा सोडतात. म्हणून सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत) बदललेली पीडीएफ द्या, आणि तुलनेसाठी बरोबर असलेला मजकूर कागदावर छापून सोबत ठेवा. केशरी छापताना सुरुवात साधारण सायन ५, मॅजेंटा ८०, यलो ९० पासून करा आणि नेहमीच्या कागदावरच नमुना मागा. चकचकीत कागदावर तो लाल दिसतो, खरखरीत कागदावर विटकरी.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात मॅजेंटा आणि यलो शाई सायन आणि काळ्याच्या आधी विटते. त्यामुळे बाहेर टांगलेल्या फ्लेक्सवर आधी गुलाबी पट्ट्या पांढऱ्या होतात, मग केशरी फूल फिकट पडतं, आणि शेवटी निळं-काळं काहीतरी उरतं. ध्वजाची पट्टी असलेला फलक उन्हात आठवडाभरापेक्षा जास्त ठेवायचा असेल तर लॅमिनेट केलेला व्हिनाइल वापरा. कायमच्या पाटीसाठी एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) शीटवर कापलेली अक्षरं किंवा पत्र्यावर पेंटरकडून एनॅमल रंग. पाटी पश्चिमेच्या भिंतीवर नको.

तारखांचंही भान ठेवा. ३१ मार्च हा ट्रान्स दृश्यमानता दिन पळस फुलण्याच्या शेवटाला येतो, फुलाची उघडी आवृत्ती त्या दिवशी शोभते. २० नोव्हेंबर हा ट्रान्स स्मृतिदिन आहे. त्या दिवशीचं सगळं साहित्य एकरंगी, काळ्या मातीच्या रंगात ठेवा, फूल नको. नालसा निकालाच्या दिवसाच्या, १५ एप्रिलच्या कार्यक्रमाचं साहित्य मार्चअखेरीसच छापून घ्या, कारण आंबेडकर जयंतीच्या आधीच्या पंधरवड्यात शहरातल्या छापखान्यांना हातातलं काम खाली ठेवायला वेळ नसतो.

चाचणी

छापण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली कागदाची: लेटरहेडची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा, मग तिचा फोनवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. शेवटच्या चित्रात तीन पानं वेगळी दिसली पाहिजेत. दुसरी माणसांची: गटाबाहेरच्या दहा जणांना फक्त पान दाखवा आणि 'हे कशाचं वाटतं?' असं विचारा. उत्तर 'पळस', 'झाड', 'नर्सरी', 'शेतीचं काहीतरी' असं आलं तर शांत आवृत्ती उत्तम चालते. बेल, किलवर किंवा एखाद्या पक्षाचं नाव दोनदा आलं तर पुन्हा रेखाटायला बसा. फुलासाठी हेच दहा जण नकोत, कारण त्यांना दोन्ही एकत्र दिसली की पानाचं गुपित त्यांच्याकडे राहतं.

फाईल सोपवताना

पान आणि फूल दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवा, म्हणजे घाईत कुणी चुकीचं उचलणार नाही. प्रत्येकात एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी. रंगीत, एकरंगी काळं आणि पांढरं. पानाच्या फोल्डरच्या नावात 'घरी जाणारं' असं स्पष्ट लिहा, फुलाच्या नावात 'जाहीर'. दोन पानांची नियमावली पुरते, ती मराठीत लिहा, कारण पाकिटं छापायला देणारा लिपिक ती वाचणार आहे. पहिल्या पानावर सर्वांत वर एकच ओळ ठळक: अभ्यासक्रमाच्या नावासह पान कुठेही छापू नये. मूळ स्कॅन केलेली पळसाची पानं, संमतिपत्रं आणि मानधनाच्या नोंदी वेगळ्या कपाटात, कुलूप लावून. संमतिपत्रांवर खरी नावं असतात.